आधी प्रदक्षिणा, मग गिअर

हल्ली मी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्याला प्रदक्षिणा घालतो. श्रद्धेने नव्हे, परिपत्रकामुळे. चाकाखाली काही पडलंय का, मागे कोणी वाकून बुटाची नाडी बांधतोय का, डॉलीची, म्हणजे मागे जोडलेल्या बॅगांच्या गाड्याची, पिन नीट बसली आहे का, हे सगळं एक पूर्ण फेरी मारून बघायचं आणि मगच चढायचं, असा नवा नियम निघाला आहे. फेरी कुठल्या बाजूने मारायची हे मात्र त्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे मी आपला देवळातल्या सवयीने उजव्या हाताला देव ठेवून निघतो, माझा जोडीदार म्हणून दिलेला नवा पोरगा बरोबर उलट्या बाजूने येतो, आणि शेवटच्या डॉलीच्या आडोशाला, जिथे दोघांनाही दोघे दिसत नाहीत, तिथे आमची टक्कर होते. अपघात टाळण्याची मोहीम सुरू झाल्यापासून मला झालेली इजा ती एवढीच.

मी मुंबई विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी असतो. नातेवाइकांत माझी ओळख ‘एअरलाइनमध्ये आहेत’ अशी करून दिली जाते, आणि लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास शेजारी सरकून दुबईचं तिकीट स्वस्तात होईल का म्हणून विचारतं. त्यांना मी सांगत नाही, की माझा विमानाशी संबंध फक्त उजव्या बाजूने येतो. माणसं डाव्या दाराने चढतात, सामान उजव्या दाराने; जहाजं डावी कूस धक्क्याला लावायची, त्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे म्हणतात. माझी सगळी नोकरी विमानाच्या उजव्या अंगाला गेली. डाव्या दारात एक मुलगी हात जोडून उभी असते आणि हसते, हे मी ऐकून आहे.

आमच्या बाजूला हसण्याची सोय नाही. ए-३२० च्या पोटातल्या होल्डची उंची साधारण सव्वा मीटर. त्यात उभं राहता येत नाही, बसून बॅग ढकलता येत नाही, तेव्हा गुडघे टेकून, मान खाली घालून, एका हाताने छताचा अंदाज घेत बॅगा रचायच्या. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर नको, असा जगभरचा दंडक आहे. ज्याने तो घातला त्याला मी रोज दुवा देतो आणि नेमकी ३२ किलोची बॅग हातात आली की परत घेतो. मे महिन्यात होल्ड हापूसने असा घमघमतो, की त्या वासात गुडघे दुखायचे विसरतात. जून उजाडला की आठवतात.

तर अशा आमच्या सुरळीत चाललेल्या संसारात ती नवी कार्यपद्धती आली. एका जाडजूड फायलीतून, इंग्रजीतून, आणि तीही रात्रपाळी संपल्यावर. गार खोलीत, गुबगुबीत खुर्चीवर, पडद्यावरच्या निळ्या उजेडात रात्रपाळीच्या माणसाला बसवलं तर काय होणार हे कुठल्याही आईला कळेल, पण ट्रेनर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, “विमानाला सगळ्यात जास्त धोका कधी असतो?” मी डोळे उघडे असल्याचं सिद्ध करण्यासाठी जोरात म्हणालो, “पक्षी आडवा आला की!”

“विमान उभं असताना,” मॅडम म्हणाल्या आणि उगाचच माझ्याकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे आकडे दाखवले. जमिनीवर विमानांना जे धक्के आणि ओरखडे बसतात, त्यांना वेळीच आळा घातला नाही, तर २०३५ पर्यंत हा खर्च वर्षाला जवळजवळ १० अब्ज डॉलरवर जाईल, असा अंदाज या संघटनेने २०२२ मध्ये काढला. मी वहीच्या मागच्या पानावर त्याचे रुपये करायला घेतले. ८०,००० कोटींच्या पुढे गेल्यावर पान संपलं. आणि पुढचा आकडा तर थेट घरात घुसला: अशा घटनांतल्या ४० टक्के घटनांना बेल्ट लोडर, कार्गो लोडर, शिड्या आणि एरोब्रिज जबाबदार असतात. यातल्या पहिल्या नावापाशी मॅडम थांबल्या. बेल्ट लोडर, म्हणजे बॅगा होल्डच्या दारापर्यंत चढवणारा तो सरकता पट्टा, तो मी चालवतो. आख्ख्या वर्गाने वळून मला पाहिलं. १० अब्ज डॉलर एकट्याच्या पगारातून कापले तर किती हप्ते होतील, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, नियम चुकीचे नाहीत. विमानाची तांबडी लुकलुकती बत्ती बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही, कारण इंजिन बंद केलं तरी त्याचं फिरणं लगेच थांबत नाही, हे आम्हाला पूर्वीपासून पाठ आहे. डिसेंबर २०१५ मध्ये याच मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलण्याच्या वेळी एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. त्या नियमाची थट्टा रॅम्पवर कोणी करत नाही, मीही करत नाही. थट्टेला मी स्वतः पुरेसा आहे.

उदाहरणार्थ, खुणा. पूर्वी विमानाला हातवारे करून जागेवर आणणं हे मार्शलरचं काम, आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. आता परिपत्रक म्हणतं, रॅम्पवरच्या प्रत्येकाला सगळ्या खुणा आल्या पाहिजेत. त्यात गोम अशी, की खुणा वैमानिकाच्या बाजूने ठरलेल्या. विमान त्याच्या डावीकडे वळवायचं असेल तर आपण उजवा हात आडवा धरून स्थिर ठेवायचा आणि डाव्या हाताने ‘या, या’ करायचं. लहानपणी कवायतीत मास्तरांनी ‘डावे वळ’ म्हटल्यावर जो मुलगा वर्गाकडे तोंड करून एकटा उभा राहायचा, तो मी. त्यामुळे सराव घरीच करायचं ठरवलं. सकाळी गॅलरीत उभा राहिलो आणि सगळ्यात सोपी म्हणून ‘सरळ पुढे या’ ही खूण घेतली. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपासून डोक्यापर्यंत वर, खाली, वर, खाली. हाताला लय सापडली, श्वास जमला, आता आपल्याला काहीतरी येतंय असं वाटायला लागलं, तेवढ्यात समोरच्या इमारतीतले काका गॅलरीतून आत गेले, जिना उतरले, रस्ता ओलांडला, आमचा जिना चढले आणि दारात येऊन म्हणाले, “बोलावलंत?” चहा झाला, पोहे झाले, त्यांच्या मेहुण्याचं मूतखड्याचं ऑपरेशन सविस्तर झालं. ‘थांबा’ची खूण मी अजून शिकलो नव्हतो.

बेल्ट लोडर विमानाला लावण्याची नवी पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. आधी प्रदक्षिणा. मग सीट बेल्ट. मग तांबड्या रेषेच्या बाहेर पूर्ण थांबून ब्रेक लागतो का ते पाहायचं. गाईड म्हणून एक माणूस समोर उभा पाहिजे आणि त्याने अंगठा दाखवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. पुढे सरकायचं ते माणसाच्या चालीने. विमान जवळ आलं की पुन्हा पूर्ण थांबायचं, पुन्हा ब्रेक. मग बोट बोट पुढे, पण विमानाला टेकायचं नाही; कारण बॅगा आणि माणसं उतरली की विमान थोडं वर उचललं जातं, इंधन भरलं की खाली बसतं, आणि टेकलेला पट्टा त्याच्या पत्र्याला पोचा पाडतो. हे सगळं मला तत्त्वतः मान्य आहे. पहिल्या दिवशी मी ते इतकं मनापासून पाळलं, की पट्टा आणि दार यांच्यात तंगडी टाकून ओलांडावी लागेल एवढी फट राहिली आणि पहिली बॅग त्या फटीतून खाली गेली. बॅग लोणच्याची होती. त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये मला कोणी नावाने हाक मारत नाही.

त्यात ते अ‍ॅप. आधी रॅम्पवर मोबाईल काढला तर साहेब ओरडायचे, आता नाही काढला तर ओरडतात. विमानाच्या चाकांना चोक म्हणजे अडसर लावले की फोटो, कोन ठेवले की फोटो, होल्डचं दार लावलं की फोटो, आणि प्रत्येक फोटोवर वेळ आपोआप उमटते. हातमोजे घालणं सक्तीचं आहे. हातमोजे घातले की स्क्रीन बोट ओळखत नाही. म्हणून मी दाताने डाव्या हाताचा मोजा काढतो, तो काखेत धरतो, फोटो काढतो, आणि काखेतून पडलेला मोजा शोधायला खाली वाकतो, कारण रॅम्पवर पडलेली कुठलीही वस्तू म्हणजे ‘फॉड’. फॉड हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. २००० साली पॅरिसला कॉन्कॉर्ड कोसळलं, ते दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीमुळे, आणि ११३ माणसं गेली. तेव्हा मोजा शोधावाच लागतो. पावसाळ्यात हेच सगळं पुन्हा, फक्त तेव्हा स्क्रीन माझं बोट सोडून पावसाचे थेंब ओळखते. एका संध्याकाळी नुसत्या सरींनी माझ्या फोनवर विमानाचा पुशबॅक पूर्ण करून टाकला, प्रवासी अजून बसमध्ये असताना. ऑफिसातून फोन आला, “अभिनंदन, वेळेच्या आधी सोडलंत. पण एक विचारायचं होतं, मघाशी चोकचा फोटो पाठवलात त्यात चोक दिसत नाही, बूट दिसतोय.” बूट माझाच होता. घासून यायला हवा होता, असं आता वाटतं.

आणि या सगळ्याला वेळ किती? तेच तर दुखणं आहे. देशातल्या देशात उडणाऱ्या स्वस्त विमानाने धावपट्टीवरून येऊन उभं राहायचं, १८० माणसं उतरवायची, झाडून घ्यायचं, इंधन, पाणी, खाणं भरायचं, आमच्या बॅगा काढून नव्या भरायच्या, पुन्हा १८० माणसं बसवायची आणि निघायचं, यासाठी जेमतेम अर्धा तास. प्रदक्षिणा आली, गाईड आला, दोनदा ब्रेक आला, पंखांच्या दोन टोकांना दोन माणसं आली, फोटो आले. अर्धा तास होता तेवढाच राहिला. फायलीत प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण दिलं आहे, पण तो नियम पाळायला लागणारा वेळ कुठून आणायचा याचा रकाना नाही. माझं मत विचाराल तर या आख्ख्या फायलीत उणीव ती एवढीच, आणि माझं मत कोणी विचारलेलं नाही.

उशीर झाला की मात्र सगळे विचारतात. जगभरच्या विमान कंपन्यांनी उशिराच्या कारणांना आकडे दिले आहेत. ३२ म्हणजे बॅगा चढवण्या-उतरवण्यात उशीर, म्हणजे आम्ही. ३३ म्हणजे बॅगा चढवायची गाडी बिघडली, म्हणजे आमची गाडी. ३५ सफाई, ३६ इंधन, ३७ खाणं. ५२ म्हणजे जमिनीवर विमानाला ठोकलं. त्या आकड्याचा उच्चार आम्ही शिफ्टमध्ये करत नाही. आणि ९३ म्हणजे विमान मुळात आलंच उशिरा. ९३ वर सगळ्या खात्यांचं सारखं प्रेम, कारण त्यात दोष आपल्या विमानतळाचा नसतो. विमान सुटलं की सुटल्याच्या आनंदापेक्षा आकडा कोणाच्या गळ्यात बांधायचा याची धावपळ मोठी. सफाईवाले म्हणतात इंधनवाल्यांनी वाट अडवली, इंधनवाले म्हणतात खाण्याची गाडी आडवी होती, खाण्याच्या गाडीवाला म्हणतो बेल्टवाला हलेना. बेल्टवाल्याला बोट दाखवायला पुढे कोणी उरत नाही.

घरीही फार बरं चाललेलं नाही. गाडीवरून उतरताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम असले पाहिजेत, असा एक नियम आहे. विरार लोकलमध्ये तो पाळायला वेगळे कष्ट पडत नाहीत, सातआठ आधार आपोआप मिळतात. पण घरात स्टुलावरून माळ्यावरचा डबा काढून मी त्याच पद्धतीने उतरायला लागलो, आणि डबा धरायला हातच शिल्लक नव्हता. चकल्यांचा होता. मग स्कूटर. परवा हिला भाजीला जायचं होतं, मी सवयीने स्कूटरला फेरी मारली, टायर बघितले, खाली वाकून बघितलं, आणि मागे होऊन हिला म्हणालो, “तू समोर उभी राहा, अंगठा दाखव, मग मी काढतो.” हिने अंगठा दाखवला. वेगळ्या अर्थाने. आणि रिक्षा करून गेली.

एवढं सगळं होऊनही सांगायला आनंद वाटतो, की तपासणीच्या दिवशी माझी एकही चूक झाली नाही. बाहेरून एक साहेब येणार होते, हातात वही, अंगात कोरं करकरीत पिवळं जॅकेट. त्यांना कशातही बोलायची परवानगी नव्हती, त्यांनी नुसतं बघायचं. आमच्या इनचार्जने आदल्या दिवशी बजावलं होतं, “काका, आज वेळ गेला तरी चालेल, नियम जाता कामा नये.” नोकरीत पहिल्यांदा मला झेपेल असं काम मिळालं होतं. विमान आलं, बत्ती विझली, अंगठा मिळाला, प्रदक्षिणा झाल्या, कोन लागले, बॅगा उतरल्या, चढल्या, आणि गंमत म्हणजे सगळं वेळेत झालं. होल्डचं दार लागलं, त्याचा फोटो पहिल्या फटक्यात निघाला, त्यात बूट नव्हता. बेल्ट बाजूला गेला. आता फक्त रिकाम्या डॉल्या जोडलेला माझा ट्रॅक्टर विमानाच्या शेपटीकडून मागे घ्यायचा होता.

मागे घ्यायला गाईड लागतो. गाईड म्हणजे नवा पोरगा. तो कुठे आहे म्हणून पाहिलं तर उजव्या पंखाच्या टोकाशी ताठ उभा, कारण तेवढ्यात त्याला पुशबॅकसाठी विंगवॉकर, म्हणजे पंखाच्या टोकाचा राखणदार, म्हणून लावलं होतं, आणि विंगवॉकरने विमान हलून पूर्ण बाहेर पडेपर्यंत जागा सोडायची नाही. मी त्याला हाक मारली. त्याच्या कानावर मफ होते, तेही नियमानेच. विमान हलायचं तर आधी माझा ट्रॅक्टर निघायला हवा, ट्रॅक्टर निघायचा तर पोरगा यायला हवा, आणि पोरगा यायचा तर विमान हलायला हवं. एवढ्यात सगळे आपापल्या जागी शांत उभे बघून कॅप्टनला वाटलं तयारी झाली, आणि त्याने तांबडी बत्ती लावली. बत्ती लागली की विमानाजवळ कोणी जायचं नाही, कोणी गाडी हलवायची नाही. मी सीट बेल्ट लावून, हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

तपासणीचे साहेब वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, बत्तीकडे पाहिलं आणि पेन खिशात घातलं. बोलायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि मग हताश होऊन ते दोन्ही बाजूंना तिरपे खाली सोडले. पण आता मी खुणा शिकलेलो होतो. दोन्ही हात सरळ, खाली, अंगापासून ४५ अंशांत: ‘जागेवर थांबून राहा.’ मी त्यांना अंगठा दाखवला आणि जागेवर थांबून राहिलो. त्यांनी हात पुन्हा तसेच केले. मी पुन्हा अंगठा दाखवला.

शेवटी इनचार्ज धापा टाकत आले, हेडसेटवाल्याने कॅप्टनला सांगून बत्ती विझवली, दुसऱ्या विमानाजवळचा एक माणूस गाईड म्हणून उसना आणला, आणि मी ट्रॅक्टर माणसाच्या चालीने मागे घेतला. विमान सुटलं. मग आकड्याची पाळी आली. ३२ लागेना, कारण बॅगा वेळेत चढल्या होत्या. ३३ लागेना, गाडी ठणठणीत होती. ५२ नाही, कोणी कोणाला ठोकलं नव्हतं. ९३ ची सगळ्यांना आशा होती, पण विमान त्या दिवशी नेमकं वेळेच्या आधी आलं होतं. इनचार्जनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली आणि शेवटी अगदी तळाला असलेला ९९ टाकला, म्हणजे ‘इतर’. ९९ टाकला की शेरा लिहावा लागतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, उसासा टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: ऑल प्रोसिजर्स फॉलोड.